यादी वाचा, पण कुणासमोर?

(जांब समर्थ, ता. घनसावंगी, जि. जालना येथे महिलांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

मैत्रिणींनो, मावश्यांनो आणि मागं दाराशी उभ्या असलेल्या सुनांनो,

तुमच्या गावात येऊन समर्थांचं नाव घेतल्याशिवाय कुणी भाषण सुरू करत नाही. मीही घेते, पण जरा वेगळ्या कारणानं. बारा वर्षांचा नारायण बोहल्यावर उभा होता, 'सावधान' हा शब्द ऐकला आणि तो मांडवातून निघून गेला, ही आख्यायिका इथल्या लहान पोरीलाही पाठ आहे. नारायणाचं पुढं काय झालं ते साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. अंतरपाटाच्या पलीकडं जी मुलगी उभी होती, तिचं नाव तुमच्यापैकी कितीजणींना सांगता येईल? हात वर करा. पाहा, एकही नाही.

आपल्याकडं नोंदी अशाच असतात. जो निघून गेला त्याची नोंद असते. जी मागं राहिली तिची नसते, आणि असलीच तर ती कुठल्या तरी कचेरीत, तिला न दिसणाऱ्या कागदावर असते. आज मला अशाच एका कागदाबद्दल बोलायचं आहे. पैशाचाच प्रश्न आहे, पण तो पैसा दान नाही, अनुदान नाही. तो तुमचा हक्काचा पैसा आहे.

आपल्या भागातले पुरुष कामाला कुठं कुठं जातात ते तुम्हाला मी सांगायला नको. जालन्याच्या एम.आय.डी.सी.त लोखंडाच्या भट्ट्यांवर, वाळूजला, पुण्याला. काही बायकाही जातात. जिथं कायद्यानं फंड लागू आहे तिथं पगारातून १२ टक्के कापले जातात आणि मालक तितकेच भरतो. मालकाच्या वाट्यातले ८.३३ टक्के पेन्शनकडं जातात. ही पेन्शन योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासूनची आहे. त्याआधी १९७१ ची कुटुंब पेन्शन योजना होती.

आता नीट ऐका. नोकरीत असताना माणूस वारला, तर त्याच्या नावावर एका महिन्याची वर्गणी जमा असली तरी बायकोला पेन्शनचा हक्क मिळतो. नोकरी सुटल्यावर वारला, पण त्याची दहा वर्षं भरलेली होती, तरी मिळतो. सोबत दोन मुलांना २५ वर्षांची होईपर्यंत वेगळी पेन्शन असते. विधवेची पेन्शन १ सप्टेंबर २०१४ पासून महिन्याला निदान १००० रुपये आहे. शिवाय फंडाची रक्कम वेगळी, आणि नोकरीत असताना मृत्यू झाला असेल तर विमा वेगळा. एका मरणामागं तीन हक्क आहेत, आणि आपल्या बायकांना बहुतेक वेळा त्यातला एकही ठाऊक नसतो.

आमच्या नात्यातल्या एका आत्याबाईंचे यजमान एका कारखान्यात अकरा वर्षं होते. ते गेले तेव्हा कारखान्यातून दोघंजण आले, तेराव्याचा खर्च म्हणून पाकीट दिलं, एका कोऱ्या कागदावर अंगठा घेतला आणि गेले. आत्याबाईंनी पुढं चौदा वर्षं दुसऱ्याच्या रानात खुरपलं. त्यांच्या यजमानांची नोंद फंडाच्या दप्तरात होती. नोंदीत बायकोचं नाव होतं, गावाचं नाव होतं. पण कचेरीनं आत्याबाईंना शोधलं नाही आणि आत्याबाईंना कचेरी माहीत नव्हती. नोंद एकीकडं आणि बाई एकीकडं, मध्ये चौदा वर्षं.

ही एकटीची गोष्ट नाही. भविष्य निर्वाह निधीच्या निष्क्रिय खात्यांत २०२३-२४ अखेर सुमारे ८,५०० कोटी रुपये पडून होते, असं केंद्र सरकारनंच लोकसभेत सांगितलं. खाती साडेएकवीस लाख. पाच वर्षांपूर्वी, २०१८-१९ मध्ये, ही रक्कम १,६०० कोटींच्या आसपास होती. आणि हा फक्त फंडाचा पैसा. न मागितलेली पेन्शन या आकड्यात येतच नाही, कारण पेन्शनचं प्रत्येकाचं वेगळं खातं नसतं, सगळ्यांची एकच तिजोरी असते. जिनं अर्ज केला नाही तिचं देणं कुठल्याच हिशेबात दिसत नाही. ती बाई मोजलीच जात नाही.

पडून राहिलेल्या फंडाचं पुढं काय होतं? २०१६ च्या नियमांप्रमाणं निष्क्रिय ठरलेला पैसा सात वर्षं कुणी मागितला नाही तर तो ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जातो. तिथं गेल्यावरही २५ वर्षं तो मागता येतो. त्यानंतर सरकारजमा.

मग साधा प्रश्न पडतो. कचेरीकडं नाव आहे, गाव आहे, तर ही यादी गावात लावत का नाहीत? रेशनच्या याद्या लागतात, घरकुलाच्या लागतात. सात-बाराचं चावडीवाचन आपण पाहिलंय. मग फंडाच्या नोंदीचं चावडीवाचन का नको?

कचेरी म्हणते, ही खाजगी माहिती आहे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला, आणि तो आपल्यासाठी मोलाचाच आहे. पण पुढं काय झालं पाहा. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात कलम ८(१)(ञ) होतं. सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली खाजगी माहिती नाकारता येत होती, पण व्यापक जनहित असेल तर द्यावी लागत होती. २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यानं ते कलम बदललं आणि नोव्हेंबर २०२५ पासून तो बदल लागू झाला. आता 'खाजगी माहिती' एवढं म्हटलं की त्या कलमाखाली नकार देता येतो. जनहिताचं कलम ८(२) अजून जागेवर आहे, पण त्यासाठी भांडावं लागतं. लाभार्थ्यांचा तपशील आपणहून जाहीर करावा असं कलम ४ सांगतं, तेही कागदावर आहे.

मैत्रिणींनो, खाजगीपणाचा एवढा कळवळा नेमका कधी येतो, तेही पाहू या. २०२५ च्या फेब्रुवारीत लाडकी बहीण योजनेतल्या पाच लाख बायका अपात्र ठरल्याचं सरकारनं जाहीर केलं. त्यातल्या २ लाख ३० हजार जणी संजय गांधी निराधार योजनेच्या लाभार्थी निघाल्या. त्या कशा सापडल्या? एका योजनेची यादी दुसऱ्या योजनेच्या यादीला लावून. कुणाच्या दारात चारचाकी आहे ते परिवहन खात्याच्या नोंदीवरून काढलं. नियम बरोबर की चूक हा आजचा विषय नाही. माझं म्हणणं इतकंच आहे, की नाव कमी करायचं असतं तेव्हा याद्या काही महिन्यांत जुळतात. नाव शोधून देणं द्यायचं असतं तेव्हा त्याच याद्या खाजगी होतात.

म्हणजे सगळं उघडं करा, भिंतीवर रंगवा, असं मी म्हणते का? नाही. इथंच आपल्या संघटनेत वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. आमच्यातल्या एका मैत्रिणीनं विचारलं, "मारहाणीला कंटाळून जी बाई घर सोडून दुसऱ्या तालुक्यात राहते, तिचा पत्ता यादीत छापला तर तिचं काय होईल?" दुसरी म्हणाली, "विधवेच्या नावावर दीड लाख आहेत हे गावाला कळलं, तर दुसऱ्या दिवशी दीर येतो, तिसऱ्या दिवशी सावकार येतो, आणि चौथ्या दिवशी 'मी काढून देतो, निम्मे माझे' म्हणणारा दलाल येतो." दोघींचं खरं आहे. बाईची माहिती ही बाईचीच आहे. ती उघडी पडली की मार बाईच खाते.

पण झाकून ठेवली तर उपाशीही बाईच राहते. परित्यक्तेचाच विचार करा. नवरा वीस वर्षांपूर्वी सोडून गेला. कुठं कामाला होता, जिवंत आहे की गेला, तिला माहीत नाही. फारकत झालेली नाही, म्हणजे कायद्यानं ती बायकोच आहे आणि तो वारला असेल तर पेन्शनवर पहिला हक्क तिचा आहे. नवऱ्याची नोंद खाजगी म्हणून मिटून ठेवली, तर ही बाई कुठल्या दारात जाऊन विचारणार? मेलेल्या माणसाचा खाजगीपणा मोठा की जिवंत बाईची भाकर?

म्हणून प्रश्न उघडं की बंद असा नाही. काय उघडायचं, किती आणि कुणासमोर, असा आहे. याचा नमुना आपल्याच देशात आहे. रिझर्व्ह बँकेनं २०१२ साली बँकांना सांगितलं की वर्षानुवर्षं हक्क न सांगितलेल्या ठेवींची यादी जाहीर करा. त्यात फक्त नाव आणि पत्ता द्या. खाते क्रमांक, खात्याचा प्रकार, शाखा देऊ नका. ज्याला आपलं नाव ओळखू येईल तो येईल आणि बाकीचं सिद्ध करील. २०२३ मध्ये 'उद्गम' नावाची सोय केली, त्यात अनेक बँकांच्या अशा ठेवी एका ठिकाणी शोधता येतात. बँकेतल्या ठेवीदारासाठी हे होतं, तर भट्टीवरच्या मजुराच्या विधवेसाठी का नाही?

आपली मागणी अशी असावी. पहिली गोष्ट, यादी वाचण्याआधी कचेरीनं याद्या जुळवाव्यात. फंडाची नोंद आणि ग्रामपंचायतीची मृत्यूनोंद बंद खोलीत, जबाबदार अधिकाऱ्यासमोर एकमेकींना लावाव्यात आणि जी सापडेल तिला घरी बंद पाकिटात कळवावं. हे करायला कुणाचं नाव चव्हाट्यावर आणावं लागत नाही. दुसरी, जे उरतील त्यांचीच यादी गावात यावी. तिच्यात कामगाराचं नाव, मूळ गाव, कारखाना आणि नोकरी सुटल्याचं वर्ष एवढंच असावं. रक्कम नको, आधार नको, फोन नको, बाईचा आजचा पत्ता तर मुळीच नको. तिसरी, ही यादी आधी महिला ग्रामसभेत वाचावी. ग्रामसभेआधी बायकांची सभा घ्यायची हा आपल्या राज्यात नियमच आहे. तिथं आपण हळदीकुंकवापुरत्या जमतो, त्याऐवजी हे काम करू. चौथी, जिला आपलं नाव कुठंही नको असेल तिचा शब्द शेवटचा मानावा. आणि पाचवी, यादी कुणी पाहिली, कुणी नक्कल घेतली, याची वही ठेवावी. आपली नोंद ते ठेवतात ना? मग त्यांनी काय केलं याची नोंद आपण मागू.

आता मागण्या मान्य होईपर्यंत गप्प बसायचं का? मुळीच नाही. घरी गेलात की पत्र्याची पेटी उघडा. कारखान्याचं ओळखपत्र, पगाराची चिठ्ठी, फंडाची पावती, दवाखान्याचं ई.एस.आय. कार्ड, काहीही सापडलं तरी फेकू नका. काहीच नसेल तर कारखान्याचं नाव आणि वर्षं लिहून काढा, सोबत कामाला असलेल्याला विचारा. मृत्यूचा दाखला नसेल तर तो आधी काढा, त्याच्याशिवाय पुढचं पाऊल पडत नाही. विधवा पेन्शनचा अर्ज १०-डी, मृताच्या फंडाचा अर्ज २०, विम्याचा ५-आय.एफ. हे आकडे पाठ नसले तरी चालेल, चिठ्ठीवर लिहून न्या. फंडाच्या कार्यालयात जाल तेव्हा "माहिती द्या हो" असं म्हणू नका. "मी वारस आहे, माझ्या नवऱ्याच्या खात्याचं काय झालं ते लेखी द्या," असं म्हणा. परक्याची चौकशी आणि वारसाची मागणी यांत फरक असतो. आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.

नावाचा घोळ मात्र होणार. माहेरची शांता सासरी लक्ष्मी होते. फंडाच्या कागदावर एक नाव, आधारवर दुसरं, मतदार यादीत तिसरं. लग्नात बाईचं नाव बदलायची हौस घरच्यांची आणि कचेरीतले हेलपाटे मात्र तिचे! १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव लावण्याचा नियम राज्यात झाला, ते चांगलंच झालं. पण आईचं नाव कुठलं, माहेरचं की सासरचं, हा प्रश्न आहेच. सुनांनो, निदान तुम्ही तरी आपलं एकच नाव धरून ठेवा. आणि नवरा कुठं कामाला आहे, फंड कापतात का, त्याच्या कागदावर कुटुंब म्हणून कुणाची नावं आहेत, हे तो जिवंत आणि धडधाकट असतानाच विचारा. अभद्र बोलते असं सासू म्हणेल. म्हणू द्या. त्याच सासूला तिच्या नवऱ्याचा कागद विचारा, ती पेटी उघडायला बसेल.

आज जाताना प्रत्येकीनं या वहीत तीनच गोष्टी लिहायच्या: कुणाचं काम, कुठं, कधीपर्यंत. लिहिता येत नसेल तर शेजारणीनं लिहावं. ही वही कपाटात राहील, तिची किल्ली तुम्ही निवडाल त्या दोघींकडं राहील, आणि जिची नोंद आहे तिच्या परवानगीशिवाय पान उघडलं जाणार नाही. सरकारनं यादी कशी ठेवावी हे आपण सांगतोय, तर आपली यादी आधी तशी ठेवून दाखवू. पुढच्या बैठकीत हीच वही घेऊन, ज्यांची इच्छा असेल त्या सगळ्याजणी मिळून अर्ज भरायला बसू.

एवढं बोलून मी थांबते. वही इथं आहे. पेन चालतोय का तेवढं बघा.