सहीची सरहद्द



वसंतातल्या रम्य संध्याकाळी हिशेबतपासनिसाच्या सनदेवर बोलायचे म्हणजे श्रोत्यांच्या सोशिकपणाची परीक्षाच! पण चंदनसारच्या सभेला हा विषय परका वाटू नये. या भागातली कितीतरी मुले-मुली सकाळची चर्चगेट लोकल पकडून मुंबईच्या कचेऱ्यांत हिशेबाची उमेदवारी करतात. त्यांपैकी काहींची नजर दुबई-लंडनकडे लागलेली असते. एका ठिकाणी मिळवलेली सनद दुसऱ्या ठिकाणी चालावी की नाही, हा त्यांच्या भाकरीचा प्रश्न आहे. आणि ज्यांची ठेव पतपेढीत आहे, ज्यांच्या सोसायटीचे हिशेब दरसाल तपासले जातात, त्या तुम्हाआम्हा सर्वांच्या विश्वासाचाही आहे.

प्रथम हे पाहू, की हिशेबतपासनीस आपल्याला देतो काय? रोजकीर्द आणि खतावणी तर कारकूनही लिहितो. तपासनीस देतो ती सही. ताळेबंदाखालची ती सही पाहून ज्यांनी त्याचे तोंडही पाहिलेले नाही अशी माणसे आपले पैसे गुंतवतात. तेव्हा सनद ही नुसती विद्वत्तेची पदवी नव्हे. ती अनोळखी माणसाला दिलेली हमी आहे.

या हमीला आपल्या देशात एके काळी प्रांताची वेस होती. १९१३ च्या कंपनी कायद्याखाली प्रांतिक सरकारे तपासनिसांना दोन प्रकारची प्रमाणपत्रे देत. एक अनिर्बंध, ते सबंध ब्रिटिश हिंदुस्थानात चाले. दुसरे मर्यादित, ते त्या प्रांतापुरते आणि त्यावर नमूद केलेल्या भाषेपुरतेच चाले. म्हणजे तपासनीस गाडीत बसून हद्द ओलांडी, त्याची सही मात्र मागे फलाटावरच राही! १९१८ साली मुंबईत सरकारी हिशेब-पदविका, म्हणजे जी. डी. ए., सुरू झाली. ती परीक्षा आणि मान्य तपासनिसापाशी ३ वर्षांची उमेदवारी पुरी केली, की अनिर्बंध प्रमाणपत्राची वाट मोकळी होई. १९२० साली मर्यादित प्रमाणपत्रे देणे थांबले. पुढे १९३२ च्या नियमांनी सर्व देशासाठी एकच नोंदवही आली, आणि १ जुलै १९४९ रोजी सनदी लेखापालांची संस्था कायद्याने स्थापन झाली. आज गुवाहाटीच्या सनदी लेखापालाची सही विरारला चालते, याचे आपल्याला नवलही वाटत नाही. पण ते आपोआप घडले नाही.

१९४९ च्या कायद्याचे चौथे कलम मोठे वाचनीय आहे. जुन्या नोंदवहीतले तपासनीस त्याने आत घेतलेच. पण मर्यादित प्रमाणपत्रवाल्यांनाही घेतले. संस्थानी मुलखात धंदा करणाऱ्यांना, त्यांच्यापाशी ब्रिटिश नियमांची पात्रता नसली तरी, सरकारने ठरवलेल्या अटींवर वाट दिली. परदेशी परीक्षा आणि उमेदवारी आपल्या तोडीची ठरली, तर तीही मान्य केली. कायद्याने दार उघडले, पण उंबरठा काढून टाकला नाही! आणि २९ व्या कलमात बजावले, की जो देश भारतीयांना आपल्या संस्थेत घेण्यास आडकाठी करील, त्याच्या नागरिकांनाही येथे मज्जाव करता येईल. व्यवहारात जशास तसे!

आता कोणी म्हणेल, कोठेही गेले तरी पळसाला पाने तीनच. जमा ती जमा आणि नावे ते नावे. मग उंबरठा तरी कशाला? आक्षेप अर्धा खरा आहे. हिशेबाचे तत्त्व देशोदेशी एकच. पण कर, कंपनीचा कायदा, दिवाळखोरीचे नियम हे देशोदेशी निराळे. म्हणून न्याय्य रीत ही, की जे समान आहे त्याची पुन्हा परीक्षा नको आणि जे निराळे आहे त्यात सूटही नको. आपल्या संस्थेने इंग्लंड-वेल्सच्या संस्थेशी २००८ साली केलेला करार याच धोरणाचा आहे. सगळ्या परीक्षा पहिल्यापासून न देता, ठरावीक विषय आणि अटी पुऱ्या करून सभासदत्वाची वाट त्याने खुली केली.

अमेरिकेचा दाखला तर आपल्या जुन्या प्रांतांची आठवण करून देतो. तेथे सी. पी. ए. ची परीक्षा देशभर एकच. पण सनद देते ते त्या त्या राज्याचे मंडळ, आणि तेही शिक्षण, परीक्षा व अनुभव ही तिन्ही पाहून. ही परीक्षा २०२० पासून भारतातही देता येऊ लागली. पालकांनी येथे एक भेद ध्यानात ठेवावा: परीक्षा उत्तीर्ण होणे निराळे आणि सनद हाती येणे निराळे. फी भरण्याआधी विचारा, की कोणत्या राज्याची सनद, आणि अनुभव कोणाच्या हाताखाली? हा प्रश्न न विचारल्यामुळे पोराची उमेदीची वर्षे फुकट जाऊ नयेत.

तेथील बहुतेक राज्यांनी आता परस्परांच्या सनदधारकांना नव्या सनदेवाचून काम करू देण्याची सोय केली आहे. तिच्यातली अट मला सर्वांत मोलाची वाटते. दुसऱ्या राज्यात जाऊन जो काम करतो, त्याने तेथील मंडळाची शिस्त पत्करली, असे कायदा धरून चालतो. माझ्या मते सगळ्या प्रश्नाची किल्ली येथे आहे. परक्या सनदेला मान्यता देताना ‘याला किती येते?’ एवढेच विचारून भागत नाही. ‘याने खोटी सही केली तर याचा कान कोण धरणार?’ हेही विचारले पाहिजे. विद्या समुद्र ओलांडते. जबाबदारीनेही तिच्या पाठोपाठ तो ओलांडला पाहिजे.

स्थानिकांच्या पोटावर पाय येईल, या भीतीने दार लावणे हा धंद्याचा स्वार्थ झाला. आणि उदारपणाच्या नावाखाली कोणालाही आत सोडणे हा ठेवीदाराचा घात झाला. या दोहोंमधली वाट उत्तरदायित्वाची आहे.

त्यात आपलाही वाटा आहे. १ जुलै २०१९ पासून सनदी लेखापालाच्या तपासणी-अहवालांवर १८ अंकी ओळखक्रमांक असणे बंधनकारक झाले. तो खरा की खोटा, हे संस्थेच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. सोसायटीच्या येत्या वार्षिक सभेत अहवाल हाती पडला, की शेवटचे पान उलटून तपासनिसाचे नाव, त्याचा सभासद-क्रमांक आणि असा ओळखक्रमांक जरूर पाहा. सही कोणत्या गावची, हे मग विचारा. आधी ती कोणाला जबाबदार आहे, ते विचारा.