माळ्यावरचा स्टिरिओ



या व्यासपीठावरून धर्म, इतिहास, शेती यांवर बोलणारे थोर वक्ते आपण ऐकता. त्यांच्या रांगेत उभे राहून माळ्यावरच्या एका धुळकट पेटीविषयी बोलावयाचे, हे थोडे धाडसाचेच आहे. पण ती पेटी आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी आहे, म्हणून बोलतो.

जुन्नर आणि आंबेगाव या आपल्या दोन तालुक्यांत असे घर विरळा, की ज्यातले कोणीच नोकरीधंद्यासाठी मुंबईला गेले नाही. १९७५ ते १९९० च्या सुमारास ही मंडळी सुटीत गावी येत, तेव्हा कोणाकोणाबरोबर स्टिरिओ येई. कोणाचा कलकत्त्याच्या सोनोडाइनचा, कोणाचा फिलिप्सचा, तर कोणाचा आखातातल्या मेव्हण्याने पाठवलेला जपानी. पुढे तो बिघडला, माळ्यावर गेला. आज दारात भंगारवाला येतो आणि किलोच्या भावाने मागतो. रोहित्रात तांबे असते, हे त्याला ठाऊक आहे.

सगळे जुने संच वाचवावेत असे माझे मुळीच म्हणणे नाही. काही भंगारातच शोभतात. परंतु संचाशेजारी बहुधा एक खोके असते आणि त्यात कॅसेटी असतात. फिलिप्सने १९६३ साली ही कॅसेट काढली. चार मिलिमीटरांहूनही अरुंद फीत, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर वेगाने सरकणारी. तिच्यामुळे ध्वनिमुद्रण करणे प्रथमच सामान्य घराच्या आवाक्यात आले. सप्ताहातले कीर्तन, लग्नातल्या ओव्या, आजीचे जात्यावरचे गाणे, जत्रेतल्या तमाशाची गणगौळण, जे हाती लागले ते लोकांनी टिपून ठेवले. नारायणगाव ही तर तमाशाची पंढरी. विठाबाई नारायणगावकरांना (१९३५–२००२) फडात प्रत्यक्ष ऐकलेली माणसे आजच्या सभेतही असतील. अशा एखाद्या रात्रीची कॅसेट कोणाच्या खोक्यात असेल, तर तिची दुसरी प्रत जगात कोठेही नाही. बाजारात विकत घेतलेले गाणे पुन्हा मिळते. आजी पुन्हा ओव्या म्हणणार नाही.

म्हणून माझी पहिली विनंती ही, की संच चालतो की नाही हे पाहण्यासाठी घरातली एकुलती एक कॅसेट आत घालू नये. आपण नेमके तेच करतो! पंचवीस वर्षांत डेकमधला रबरी पट्टा सैल पडतो, कधी वितळून डांबरासारखा चिकट होतो. फीत ओढणारे रबरी चाक कडक होते. मग एका बाजूने फीत सुटत राहते, दुसऱ्या बाजूला गुंडाळली जात नाही, आणि यंत्र ती खाऊन टाकते. आधी पट्टा बदलावा, चाक आणि हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसावे, टाकाऊ कॅसेट दोन्ही बाजूंनी पूर्ण वाजवून पाहावी आणि मगच खोक्याला हात लावावा.

परंतु त्याहीआधी वीज. जुना संच खाली उतरवला, फुंकर मारली आणि प्लग भिंतीत खोचला, इतके अधीर होण्याचे कारण नाही. प्रथम मागची पाटी वाचा. अमेरिकेतून आलेला संच १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० वर लावला तर मिनिटभरात धूर दिसेल. रोहित्र जोडून दाब उतरवला, तरी त्याच्याबरोबरच्या पुष्कळशा टर्नटेबलांची मोटर ६० आवर्तनांच्या विजेसाठी केलेली असते. आपली वीज ५० आवर्तनांची, म्हणून तबकडी एकषष्ठांशाने हळू फिरते आणि गाणारी बाई पुरुषासारखी ऐकू येते. त्यानंतर झाकण उघडून पाहावे व वास घ्यावा. उंदरांची घरटी, फुगलेले कंडेन्सर, करपलेली पट्टी हे डोळ्यांना दिसते. फ्यूजच्या जागी कोणी तांब्याची तार वळून बसवली आहे काय, तेही पाहावे. आपल्याकडे विजेचा दाब कधी फार उतरतो, कधी एकदम चढतो. त्याला कंटाळून केलेले हे उद्योग मी कितीदा पाहिले आहेत, त्याची मोजदाद नाही.

मग सिरीज बोर्ड. वायरमनकडे तो असतोच. जुन्या तऱ्हेचा, तारेचा ६० किंवा १०० वॉटचा दिवा आणि संच एकामागोमाग एक अशा रीतीने जोडावयाचे, की संचाला जाणारी वीज दिव्यातूनच जावी. येथे एलईडी दिवा चालत नाही. खटका दाबताच दिवा क्षणभर उजळून मंद झाला, तर बरे लक्षण. तो तसाच लखलखत राहिला, तर आत कोठेतरी विजेला आडवाट सापडली आहे; तेथेच थांबावे.

मंद दिव्यावर संच काही वेळ तसाच ठेवण्यातही फायदा आहे. कंडेन्सरमध्ये ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो आणि तोच विजेला अडवतो. वर्षानुवर्षे पडून राहिल्याने हा थर दुबळा होतो. दिव्यातून वीज बेताने आली, तर तो पुन्हा धरू लागतो. एकदम पूर्ण दाब दिला, तर फुटतो. मात्र आतला द्रव सुकलेला असेल, तर हा उपचार व्यर्थ आहे, नवा कंडेन्सरच घालावा. आणि एक गोष्ट निक्षून सांगतो. प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते. जुन्या, काचेच्या व्हॉल्व्हच्या संचात ती अडीचशे-तीनशे व्होल्टपर्यंत असू शकते आणि ती जीव घेते. तसला संच घरी उघडू नये.

यानंतरही स्पीकर लगेच जोडू नयेत. ॲम्प्लिफायरच्या स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटर लावून डीसी दाब मोजावा. तो पाचपन्नास मिलिव्होल्ट असेल तर काळजी नाही. काही व्होल्ट असेल तर आतला ट्रान्झिस्टर गेला आहे आणि तो स्पीकरलाही घेऊन जाईल. स्पीकरची निराळी परीक्षा दीड व्होल्टच्या सेलवर होते. तारा क्षणभर टेकवल्या की टक् असा आवाज होऊन कागदी शंकू हलला पाहिजे. शंकूभोवतीची फोमची कड बोटाला लागताच भुगा होत असेल, तर घाबरू नये. कड बदलता येते.

आता गुणगुण. संच लागतो, पण गाण्यामागे भुंगा बसल्यासारखा वाटतो. आवाजाचे बटण शून्यावर आणले तरी तो राहिला, तर बहुधा वीजपुरवठ्याचे कंडेन्सर सुकले आहेत. बटणाबरोबर तो कमीजास्त झाला, तर दोष पिकअपच्या तारेत किंवा अर्थिंगमध्ये शोधावा. चुंबकी पिकअपमधून येणारा दाब पाचएक मिलिव्होल्टचा, म्हणून एवढीशी गळतीही तेथे गर्जना करते. आपल्याच खोडदला ४५ मीटर व्यासाच्या अँटेनांची प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. प्राध्यापक गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली. अशा ३० अँटेना आहेत, त्यांपैकी १४ खोडदजवळ एकवटलेल्या. ही जागा निवडताना येथे माणसाने केलेला रेडिओ-गोंगाट कमी आहे, हे मुद्दाम पाहिले होते. क्षीण संदेश ऐकावयाचा तर आधी गोंगाट कमी करावा लागतो, मग तो आकाशगंगेतून येवो की तबकडीच्या खाचेतून.

बटण फिरवताना होणारी खरखर ही बिघाड नव्हे, तो मळ आहे. भीमाशंकराकडच्या पावसाळी गावांत खटके गंजतात, पूर्वेकडे त्यांत धूळ बसते. त्यासाठी काँटॅक्ट क्लीनर मिळतो. खोबरेल मात्र घालू नये.

तबकड्यांविषयी थोडक्यात. ७८ वेगाच्या जुन्या लाखेच्या तबकडीची खाच रुंद, एलपीची बारीक. एकीची सुई दुसरीवर लावली, तर रुंद खाचेत बारीक सुई तळाला घासत खरखरते आणि जाड सुई एलपीची खाच कायमची खरवडते.

कोणता संच सोडून द्यावा? ज्याचे रोहित्र जळाले आहे किंवा ज्याचा डेक गंजून धरला आहे, त्यावर पैसा घालू नये. पुण्याच्या जुन्या बाजारात, बुधवारी वा रविवारी, तसलाच दुसरा मिळू शकतो. पण खोके भंगारवाल्याच्या हातात देऊ नका, आणि नीट झालेल्या डेकवर कॅसेट प्रथम वाजेल तेव्हाच ती संगणकात उतरवून घ्या. दुसऱ्या वेळेला फीत टिकेलच असे नाही.

काही मंडळींनी आपापले संच बरोबर आणले आहेत, असे चिटणीसांनी मला सांगितले. बाहेरच्या ओट्यावर सिरीज बोर्ड मांडून ठेवला आहे. अध्यक्षांचे समारोपाचे भाषण झाले की तेथे जमू, आणि प्रत्येकाने आधी मागची पाटी वाचून दाखवावी.