बाल-मांत्रिकाचें पूर्ववृत्त

अद्भुत कादंबरी लिहूं इच्छिणारे कांहीं तरुण अधूनमधून आपलीं टिपणें घेऊन मजकडे येतात. निवृत्त शिक्षकाला वेळ असतो, ही समजूत अगदींच खोटी नाहीं. या टिपणांत एक बाल-मांत्रिक हटकून असतो, आणि त्याचें पूर्ववृत्त बहुधा एकाच सांच्यांतलें असतें. आईबाप लहानपणींच वारलेले, खांद्यावर जन्मखूण, कुळ गुप्त, आणि हाच पुढें जगाला तारणार असें कोणा वृद्धानें वर्तविलेलें भविष्य. चार पानें यांतच भरतात. परंतु हा मुलगा सकाळीं उठून काय करतो, असें विचारलें तर उत्तर मिळत नाहीं.

'मांत्रिक' हा शब्द मी मुद्दाम योजीत आहें. 'जादूगार' म्हटलें कीं टोपींतून ससा काढणारे गृहस्थ डोळ्यांपुढें येतात. आणि ज्या नायकाविषयीं आज बोलावयाचें आहे त्याची सारी विद्या शब्दांचीच आहे.

अर्सूला ल ग्विन या अमेरिकन लेखिकेची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' ही कादंबरी १९६८ सालीं प्रसिद्ध झाली. थोड्या मोठ्या मुलांसाठीं कांहीं लिहा, असें एका प्रकाशकानें बाईंना सुचविलें होतें. तोंपर्यंत कथांतले मांत्रिक म्हणजे पांढऱ्या दाढीचे वृद्ध. टोल्कीनचा गँडाल्फ त्यांतलाच. बाईंना प्रश्न पडला कीं, दाढी पिकण्यापूर्वीं ही मंडळी काय करीत होती? ही विद्या शिकली कोठें? या प्रश्नांतून गेड नांवाचा मुलगा जन्मास आला.

त्याचें पूर्ववृत्त पाहा. गोंट नांवाच्या डोंगराळ बेटावरील एक खेडें. बाप कांस्यकाम करणारा लोहार, अबोल. मुलगा वर्षाचा होण्यापूर्वींच आई वारली. सहा भाऊ मोठे. ते एकेक करून घर सोडून गेले. बाप त्याला भट्टीवर राबवी, आणि तें काम पोराच्या अंगीं मारानेंच उतरलें. जन्मखूण नाहीं, राजकुळ नाहीं. आहे ती एक मावशी. ती गांवची चेटकीण. थोडें खरें जाणणारी, बरेंचसें थोतांड करणारी.

एके दिवशीं एक शेळी झोपडीच्या छपरावर चढून बसली. मावशीनें कांहीं शब्द उच्चारले आणि ती उडी मारून खालीं आली. सात वर्षांच्या पोरानें ते शब्द ऐकून ठेवले. दुसऱ्या दिवशीं कुरणांत शेळ्या राखतांना त्यानें ते मोठ्यानें म्हटले. सगळ्या शेळ्या निमूटपणें त्याच्याभोंवतीं जमल्या. तो हंसला. पण त्या जवळ जवळ येत चालल्या, अंगाशीं भिडल्या. तो भिऊन पळूं लागला तर त्याही कळप करून बरोबर धांवल्या. मुलगा रडत गांवांत शिरला तो शेळ्यांच्या गराड्यांतच. शेवटीं मावशीनें येऊन त्या सोडविल्या. बोलावण्याचा शब्द त्याला ठाऊक होता, सोडण्याचा नव्हता.

माझ्या मतें सारी कादंबरी या शेळ्यांत आहे. पुढें रोक बेटावरील विद्यालयांत एका सहाध्यायानें डिंवचलें म्हणून गेड ईर्ष्येनें मृतात्म्याला पाचारण करतो. त्या आत्म्याबरोबर एक काळी छायाही येते. ती त्याचें तोंड ओरबाडते, आणि तें द्वार मिटवितांना विद्यालयाच्या वृद्ध गुरूंचा प्राण जातो. येथेंही तेंच झालें: बोलावतां आलें, परत पाठवितां आलें नाहीं. लेखिकेनें पहिल्या प्रकरणांत खेळासारखें दाखविलें तेंच पुढें एका माणसाच्या मरणापर्यंत नेलें. पूर्ववृत्त लिहावयाचें तें असें. पुढच्या चुकीचें लहान रूप त्यांत असावें.

माझ्यासारख्या शाळामास्तराचा भविष्यवाणीवर खरा राग आहे तो असा. ज्याचें यश जन्मापूर्वींच ठरलें त्याला शिकावें लागत नाहीं. शेवटच्या बांकावरचें पोर तसली गोष्ट वाचून एवढेंच ध्यानांत घेतें कीं, आपल्या खांद्यावर खूण नाहीं, तेव्हां आपला यांत संबंध नाहीं. कोणी म्हणेल, १९९७ पासून आलेल्या हॅरी पॉटरच्या पुस्तकांत व्रण आहे, आणि पुढें भविष्यवाणीही आहे. खरें आहे. पण मुलांना विचारून पाहा. जिन्याखालचें तें कपाट, जेथें मावशीनें त्याला झोपावयास लावलें, तें त्यांना आधीं आठवतें.

पूर्ववृत्त लांबलचक असावें असेंही नाहीं. महाभारतांतील कच हा विद्यार्थीच. त्याचें बालपण व्यासांनीं सांगितलेंच नाहीं. तो बृहस्पतीचा पुत्र, आणि देवांनीं त्याला संजीवनी विद्येसाठीं शत्रूंच्या गुरूकडे धाडला, एवढेंच कळतें. पण तेवढ्यावर सारी कथा उभी राहते. संध्याकाळीं गाई एकट्याच परततात आणि देवयानीच्या काळजांत धस्स होतें, तें त्यामुळेंच. ती त्याला मागणी घालते, पण गुरुकन्या म्हणून तो नाकारतो. तो जेथून आला तेथें त्याला परत जावयाचें असतें. तिच्या शापानें विद्या त्याला स्वतःला फळणार नाहीं असें ठरतें; ज्याला शिकवीन त्याला फळेल, असें तो म्हणतो. खाडिलकरांना यांत १९१३ सालीं 'विद्याहरण' नाटक दिसलें, यांत नवल नाहीं.

तेव्हां तरुण लेखकांना मी टिपणांतलें कुळ खोडावयास सांगतों आणि घरांत चूल कशावर चालते तें विचारतों. समजा, आपला नायक पुण्याच्या तांबट आळींतला आहे. बाप दिवसभर पातेलीं ठोकतो. त्या आवाजांत घरांत कोणाचेंच बोलणें धड ऐकूं येत नाहीं, म्हणून पोराला ओठ पाहून शब्द ओळखण्याची संवय लागलेली. मावशीला दृष्ट काढतां येते. मीठमोहऱ्या ओंवाळतांना ती ओठांतल्या ओठांत जें पुटपुटते तें पोरानें असेंच उचललें. आतां लेखकानें ठरवावें कीं, तें तो प्रथम कोणावर म्हणतो, कशाच्या रागानें म्हणतो. आणि त्या दिवशीं मावशी परगांवीं गेलेली असते.