जुना प्लेस्टेशन, नवा लॅपटॉप आणि आठ एमबीचं कार्ड

 

गेल्या पावसाळ्यात घर बदलताना माझ्या हातून प्लेस्टेशन 2 चं खोकं जिन्यावर पडलं. चूक माझीच, दुसऱ्या हातात कुंडी होती. नव्या घरी जोडून पाहिलं तर यंत्र सुरू होतं, पडद्यावर मेनू येतो, पण डिस्क काही वाचली जात नाही. लेन्स गेली. दुरुस्तीवाल्याने मान हलवली आणि म्हणाला, "साहेब, आता याचं काय करता?"

कन्सोलचं फारसं दुःख नव्हतं. जीव अडकला होता तो त्यात खोचलेल्या आठ एमबीच्या मेमरी कार्डात. त्यावर मी आणि माझ्या ताईने क्रिकेट 07 मध्ये सुरू केलेली, तिच्या लग्नामुळे अर्धवट राहिलेली मालिका आहे. ताई आता इंदूरला असते. ती दिवाळीला येणार होती आणि फोनवर तिने सहज विचारलं, "आपली मॅच आहे का रे अजून?"

तर आजचा विषय हा: प्लेस्टेशन 2 चे खेळ संगणकावर कसे चालवायचे. त्यासाठी जो प्रोग्रॅम लागतो त्याला एम्युलेटर म्हणतात. तुमच्या संगणकात बसून तो कन्सोलचं सोंग वठवतो. खेळाला वाटतं आपण प्लेस्टेशनवरच आहोत. या कामासाठी पीसीएसएक्स 2 हा प्रोग्रॅम आहे. तो मोफत आणि मुक्त स्रोत आहे, अनेक स्वयंसेवक दोन दशकांहून जास्त काळ तो घडवत आले आहेत.

आता तुम्ही म्हणाल, मूळ यंत्राचा प्रोसेसर जेमतेम 295 मेगाहर्ट्झचा आणि मेमरी 32 एमबी, मग साधा लॅपटॉप धापा का टाकतो? कारण त्या यंत्रात एकच डोकं नव्हतं. मुख्य प्रोसेसर, त्याच्या जोडीला गणितं करणारी दोन युनिटं, चित्र काढणारी वेगळी चिप, आवाजाची वेगळी, आणि डिस्क व कंट्रोलर सांभाळायला आणखी एक. ही सगळी एकमेकांशी वेळ जुळवून काम करत. एम्युलेटरला त्या प्रत्येकाचं काम तुमच्या संगणकाच्या भाषेत, खेळ चालू असतानाच, भाषांतर करावं लागतं. लग्नाच्या पंगतीत एकट्याने वाढायचं तसं ते आहे. म्हणून गेल्या काही वर्षांतला बरा प्रोसेसर, आठ जीबी मेमरी आणि 64 बिट विंडोज 10 किंवा त्यापुढचं, एवढं असावं.

एम्युलेटर उतरवून घेणं सोपं आहे, फक्त त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. खरी अडचण पुढे आहे. पहिल्यांदा उघडला की तो तुमच्याकडे बायॉस मागतो. बायॉस म्हणजे कन्सोल सुरू होताना चालणारा त्याचा मूळ प्रोग्रॅम, चार एमबीची फाईल. ती एम्युलेटरसोबत मिळत नाही, कारण तिचा मालकी हक्क सोनीकडे आहे. इंटरनेटवर ती पडलेली असते, हे मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे. पण ती स्वतःच्या कन्सोलमधून काढावी, पीसीएसएक्स 2 वालेही हेच सांगतात.

आणि इथेच माझं मोडकं यंत्र कामाला आलं. फ्री मॅकबूट नावाचा प्रोग्रॅम भरलेलं मेमरी कार्ड मिळतं. ते लावून कन्सोल सुरू केला की डिस्कची गरजच पडत नाही. लेन्स मेली तरी चालते! (अगदी शेवटच्या काही बारीक मॉडेलांवर मात्र हे चालत नाही, घेण्याआधी मागचा मॉडेल क्रमांक बघा.) फॅट 32 पद्धतीने फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह पुढे खोचा, त्यावर बायॉस काढणारा छोटा प्रोग्रॅम ठेवा, तो चालवा. यूएसबी जुन्या जमान्याची, अगदी संथ. चहा ठेवा.

त्याच बैठकीत मी कार्डही वाचवलं. कार्डावरच्या युलाँचएल्फ या फाईल मॅनेजरने ताईच्या मालिकेचा फोल्डर पीएसयू प्रकारच्या एका फाईलमध्ये पेनड्राइव्हवर घेतला. पुढे संगणकावर मायएमसी नावाच्या प्रोग्रॅमने ती फाईल एम्युलेटरच्या आभासी मेमरी कार्डात घातली.

राहिली डिस्क. माझ्या लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह नाही, मित्राकडून बाहेरून जोडायचा आणला. इमेजबर्न वापरून डिस्कची आयएसओ फाईल केली. तुमच्या डिस्कची खालची बाजू निळी असेल तर ती सीडी आहे, तिची बिन आणि क्यू अशी जोडी तयार होते. आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम 52 स्वतः रीतसर घेतलेल्या संगणक प्रोग्रॅमची वैयक्तिक, बिगरव्यापारी प्रत करायला मुभा देतं. मी वकील नाही, पण उतरवलेल्या खेळापेक्षा हा रस्ता सरळ आहे एवढं नक्की.

सरळपणाचा एक रोकडा फायदाही आहे. सेव्हच्या फोल्डरच्या नावात त्या डिस्कचा क्रमांक असतो. युरोपची आवृत्ती वेगळी, अमेरिकेची वेगळी. मी कुठूनतरी वेगळ्या क्रमांकाची प्रत उतरवली असती तर तिला ताईची मालिका दिसलीच नसती.

सेटिंगबद्दल थोडक्यात. रेझोल्यूशन आधी मूळ ठेवा, खेळ नीट चालला की तिप्पट करा, म्हणजे साधारण फुल एचडी होतं. अडखळला तर खाली या. कंट्रोलरसाठी स्वयंचलित जुळणीचं बटण आहे. 'इमोशन इंजिन'च्या वेगाच्या खुंट्या पिळू नका. मी पिळल्या, आणि बोलर धावतच राहिला. आणि सेव्ह स्टेटवर विसंबू नका. एम्युलेटरची नवी आवृत्ती आली की जुनी स्टेट बहुधा उघडत नाही. खेळाच्या आतूनच, कार्डावर सेव्ह करा.

क्रिकेट 07 संगणकावरही आला होता, हे कोणीतरी म्हणेलच. पण 2009 मध्ये हैदराबादेत तयार झालेला 'हनुमान: बॉय वॉरियर' फक्त प्लेस्टेशन 2 वर आला. त्याच वर्षीचा 'देसी अड्डा', ज्यात कबड्डी आणि विटीदांडू होता, तो प्लेस्टेशन 2 आणि पीएसपीवर. खेळ म्हणून थोर होते असं नाही, 'हनुमान' तर बराच कच्चा. पण कन्सोलसाठी आपल्याकडे बनलेले हे अगदी सुरुवातीचे खेळ, आणि त्यांच्या डिस्क आता कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या रद्दीत आहेत. सोनीने प्लेस्टेशन 2 चं उत्पादन 2013 च्या सुरुवातीला थांबवलं. लेन्सा एकेक करून जाणारच. तुमच्या घरी यातली एखादी डिस्क असेल तर या रविवारी तिची आयएसओ करून ठेवा. ओरखडा वाढायच्या आत.

दिवाळीत ताई आली. आमचा ओपनर अजून नाबाद होता. तिने कंट्रोलर हातात घेतला आणि दुसऱ्याच चेंडूवर त्याला बाद करून म्हणाली, "हे बटण पूर्वी इथे नव्हतं."