सोळा की बत्तीस? : रसायनशास्त्राचा पहिला पाठ आणि आपली भाषा



भाषेच्या अकादमीने रसायनशास्त्राच्या मास्तराला बोलावले, याचे मला आधी नवलच वाटले. साहित्यावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण इंदुरात मी तीसहून अधिक वर्षे बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला शिकवले, तेही बहुतेक हिंदीतून. घरी मात्र मराठी बोललो. या दोन भाषांच्या उंबरठ्यावर मी आणि माझे विद्यार्थी दोन-तीन शब्दांना कसे अडखळलो, तेवढेच आज सांगणार आहे.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. एका वर्षी माझ्या वर्गात भुसावळकडून आलेली एक मुलगी होती. वडील रेल्वेत, बदलीवर इकडे आलेले. दहावीपर्यंतचे तिचे शिक्षण मराठीतून, पुढचे हिंदीतून. पहिल्या चाचणीत मी साधा प्रश्न विचारला होता : ६४ ग्रॅम ऑक्सिजन वायूत अणूंचे किती मोल असतात? प्रश्न अर्थात हिंदीत होता. उत्तर २. तिने लिहिले ४. मी लाल फुली मारली आणि समासात शेरा दिला, ‘संकल्पना स्पष्ट नाही.’ पुढे नायट्रोजनवरचे उदाहरण चुकले, हायड्रोजनवरचेही चुकले. तिथेही फुल्या.

चार दिवसांनी ती भेटायला आली. म्हणाली, “सर, मला केमिस्ट्री जमणार नाही. बाबा म्हणतात, अजून वेळ आहे, आर्ट्सला जा.” मी तिची उत्तरपत्रिका पुन्हा काढली. या वेळी एक गोष्ट डोळ्यांत भरली. लोखंडाचे उदाहरण बरोबर होते. कार्बनचे बरोबर होते. हेलियम वायूचेही बरोबर होते. चुकले होते फक्त ऑक्सिजन, नायट्रोजन आणि हायड्रोजन, आणि तिन्ही ठिकाणी उत्तर नेमके दुप्पट आले होते. ज्याला विषय कळत नाही, त्याची चूक इतकी शिस्तीची नसते.

मी तिला मराठीत विचारले, “अणू म्हणजे काय?” तिने ताबडतोब सांगितले, “मूलद्रव्याचा सर्वांत लहान कण.” व्याख्या शाळेतल्या पुस्तकाबरहुकूम होती. चूक तिची नव्हती. माझ्या प्रश्नातला ‘अणु’ हिंदी होता आणि तिच्या डोक्यातला ‘अणू’ मराठी होता. हे दोन शब्द दिसायला सख्खे भाऊ, पण अर्थाने वेगळ्या घरचे आहेत.

मराठीत आपण मूलद्रव्याच्या सुट्या कणाला अणू म्हणतो आणि अणू जोडून झालेल्या कणाला रेणू म्हणतो. हिंदीत सुट्या कणाला ‘परमाणु’ म्हणतात आणि जोडून झालेल्या कणाला ‘अणु’. म्हणजे मराठीचा अणू हा हिंदीचा परमाणु, आणि हिंदीचा अणु हा मराठीचा रेणू. वर्तमानपत्रे पाहिलीत तरी हा फरक दिसतो : मराठीत अणुऊर्जा, हिंदीत परमाणु ऊर्जा, मराठीत अणुबाँब, हिंदीत परमाणु बम. तिथे फारसे बिघडत नाही, कारण बाँब कोणता ते दोघांनाही समजते. वर्गात मात्र बिघडते. ‘अणुभार’ हा शब्द दोन्ही भाषांत आहे. ऑक्सिजनचा अणुभार मराठी पुस्तकात १६ आहे, हिंदी पुस्तकात ३२. दोन्ही पुस्तके बरोबर आहेत. मधल्यामध्ये विद्यार्थी चुकतो.

हा पेच फक्त इंदूर-ग्वाल्हेरचा आहे असेही नाही. गुजराती, कन्नड आणि तेलुगू या भाषांतही सुटा कण परमाणू आणि जोडलेला कण अणू अशीच विभागणी आहे. म्हणजे वडोदऱ्याच्या, बेळगावच्या आणि हैदराबादच्या मराठी मुलांपुढेही हाच खड्डा आहे. महाराष्ट्रातल्या मुलाला तो लागत नाही, म्हणून पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत त्याचा उल्लेखही नसतो. हा खास आपला, बाहेर वसलेल्या मराठी माणसांचा प्रश्न आहे, आणि तो आपल्यालाच सोडवावा लागेल.

सभागृहात साहित्याचे लोक अधिक आहेत, म्हणून उत्तर दुप्पट का आले ते थोडे उलगडतो. रसायनशास्त्रज्ञाला कण मोजायचे असतात, पण ते इतके बारीक आणि इतके अफाट असतात की एकेक मोजणे शक्य नाही. म्हणून तो हार्डवेअरच्या दुकानदारासारखे करतो. दुकानदार खिळे मोजत नाही, तोलून देतो. एका खिळ्याचे वजन ५ ग्रॅम असेल, तर किलोभरात २०० खिळे आले. आपण डझनाने केळी मोजतो, तसा रसायनशास्त्रज्ञ मोलने कण मोजतो. डझनात १२, मोलमध्ये ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण. २० मे २०१९ पासून हा आकडा कायमचा ठरवून टाकला आहे. त्याआधी कार्बन-१२ च्या १२ ग्रॅममध्ये जितके अणू, तितक्या कणांचा एक मोल, अशी व्याख्या होती.

आता खिळ्यांऐवजी चपला घ्या. एक चप्पल २५० ग्रॅमची. ढिगाचे वजन ५ किलो. किती आहेत? नग विचारलेत तर २०, जोड विचारलेत तर १०. ढीग तोच, वजन तेच, उत्तरे दोन. ऑक्सिजन वायूत अणू नेहमी जोडीने असतात. ६४ ग्रॅममध्ये रेणूंचे २ मोल आणि अणूंचे ४ मोल असतात. मुलीने नग मोजले होते, मी जोड विचारले होते. हेलियमचे अणू सुटे राहतात, म्हणून तिथे नग आणि जोड हा भेदच नाही आणि तिचे उत्तर बरोबर आले. १९७१ साली मोलला आंतरराष्ट्रीय मूळ एककांत जागा मिळाली, तेव्हाच एक अट घातली गेली : मोल म्हणताना कण कोणता ते सांगितलेच पाहिजे. अणू, रेणू, आयन, इलेक्ट्रॉन, जे असेल ते. कोणी नुसते ‘एक मोल ऑक्सिजन’ म्हणाले, तर विचारायचे, “कशाचे?” पहिल्या वर्षाचे निम्मे रसायनशास्त्र या एका प्रश्नात आहे.

आणि हा गोंधळ काही आपल्या पोरांचाच नाही. युरोपातले मोठमोठे रसायनशास्त्रज्ञ यात पन्नास वर्षे अडकले होते. १८०८ साली डाल्टनने अणुसिद्धान्ताचा ग्रंथ काढला. पाण्याच्या कणात एक हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन असतो असे त्याने धरले आणि त्या कणालाही तो अणूच म्हणे, ‘संयुक्त अणू’. गे-ल्युसॅकने दाखवले की दोन भाग हायड्रोजन आणि एक भाग ऑक्सिजन मिळून दोन भाग वाफ होते. डाल्टनला ते पटेना. एक भाग ऑक्सिजन दोन भाग वाफेत वाटायचा, तर ऑक्सिजनचा अणू फोडावा लागेल, आणि अणू तर अभंग! १८११ मध्ये इटलीच्या अ‍ॅव्होगॅड्रोने उत्तर दिले : वायूतला ऑक्सिजनचा कणच मुळात दोघांचा आहे. फुटते ती जोडी. तिच्यातला एकेक कण शाबूत राहतो.

उत्तर अचूक होते, पण फारसे कोणी ते उचलले नाही. त्याची कारणे अनेक आहेत, त्यांतले एक भाषेचे आहे. अ‍ॅव्होगॅड्रोने आपल्या लेखात अणू हा शब्द वापरलाच नाही. सुट्या कणालाही ‘मोलेक्यूल’, जोडलेल्या कणालाही ‘मोलेक्यूल’, फरक फक्त मागच्या विशेषणाचा. वाचणाऱ्याची दमछाक झाली असेल तर नवल नाही. पुढे कोणी ऑक्सिजनचे वजन ८ धरी, कोणी १६. पाण्याला कोणी ‘एच ओ’ लिही, कोणी ‘एच टू ओ’. शिरक्याचे जे आम्ल, त्या एका पदार्थाची १९ वेगवेगळी सूत्रे केकुलेने १८६१ च्या आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवली आहेत.

शेवटी सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरुहे या गावी देशोदेशींच्या रसायनशास्त्रज्ञांनी तीन दिवसांची परिषद भरवली. विषय काय होता? अणू कशाला म्हणायचे आणि रेणू कशाला म्हणायचे! आजच्या भाषेत ती परिभाषेची कार्यशाळाच होती. जाता जाता तिथे एक पुस्तिका वाटली गेली. ती कॅनिझारो नावाच्या इटालियन प्राध्यापकाची होती. आपल्या विद्यार्थ्यांना हा विषय आपण कसा शिकवतो, ते त्याने तीत क्रमवार मांडले होते. लोथर मायरने ती वाचली आणि त्याचा संभ्रम फिटला. मेंडेलीव्हही त्या परिषदेला होता. नऊ वर्षांनी, १८६९ मध्ये, त्याने मूलद्रव्यांची आवर्तसारणी मांडली. अणुभार निश्चित झाले नसते, तर ती मांडता आली नसती. शब्द नेमके झाले आणि मग शास्त्र पुढे सरकले. एका शिक्षकाच्या टिपणांनी हे काम केले, याचा मला आपला उगीचच अभिमान वाटतो.

आपल्याकडचा असाच दुसरा शब्द ‘क्षार’. मराठीत आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की क्षार आणि पाणी तयार होते. हिंदीत तेच वाक्य ‘अम्ल’ आणि ‘क्षारक’ मिळून ‘लवण’ आणि जल असे होते, आणि तिथे ‘क्षार’ म्हणजे कॉस्टिक सोड्यासारखा दाहक पदार्थ. मराठीत मिठालाही आपण क्षार म्हणतो. एकाचा क्षार ताटात वाढायचा, दुसऱ्याच्या क्षाराने हात भाजायचा. प्रयोगशाळेत हा फरक गुणांपुरता राहत नाही.

मग करायचे काय? मराठीने परमाणू शब्द घ्यावा, असे मी म्हणणार नाही. रेणू हा चांगला शब्द आहे. आपल्या जुन्या वैशेषिकांच्या मांडणीत परमाणूंपासून द्व्यणुक आणि द्व्यणुकांपासून त्रसरेणू, म्हणजे कवडशात दिसणारा धूलिकण, असा क्रम आहे. त्या तत्त्वज्ञानाला रसायनशास्त्र समजू नये, पण रेणू जोडून झालेला असतो हे आपल्या कानाला ओळखीचे आहे. शब्द राहू द्यावा, वाट दाखवणारी पाटी लावावी.

त्यासाठी अकादमीला माझी एक विनंती आहे. मोठ्या परिभाषाकोशाची गरज नाही. आठ-दहा पानांची एक पुस्तिका पुरेल, तीत फक्त फसवे शब्द असावेत : मराठी शब्द, त्याचा अर्थ, तोच शब्द हिंदी, गुजराती, कन्नड आणि तेलुगूत कोणत्या अर्थाने येतो, आणि शेजारी इंग्रजी संज्ञा देवनागरीत. अ‍ॅटम, मॉलिक्यूल, सॉल्ट, बेस. ती शिक्षकांनी तपासावी आणि पहिल्या आठवड्यात वर्गात वाचावी. शिक्षकांना एक सांगणे : अणू म्हणताना फळ्यावर सूत्रही लिहा. ‘ओ’ लिहिले की नग आणि ‘ओ टू’ लिहिले की जोड, मग कोणाची कोणतीही भाषा असो. विद्यार्थ्यांना एवढेच, की उत्तर नेमके दुप्पट किंवा निम्मे आले तर स्वतःला ढ समजण्याआधी प्रश्नातला शब्द पुन्हा वाचा.

त्या मुलीच्या चाचणीचे गुण मी बदलले. ती आर्ट्सला गेली नाही, तिन्ही वर्षे रसायनशास्त्रच शिकली. पण घरी आलो आणि हिशेब करू लागलो. त्याआधी कित्येक वर्षे मी शिकवत होतो. खानदेशातून आणि विदर्भातून आलेली किती मुले माझ्या वर्गात बसून गेली असतील? त्यांतल्या किती जणांच्या समासात मी ‘संकल्पना स्पष्ट नाही’ असे लिहिले असेल? त्या उत्तरपत्रिका आता रद्दीत गेल्या. ज्याची संकल्पना स्पष्ट नव्हती, तो फळ्यापाशी उभा होता. पुढच्या शिक्षकावर ही वेळ येऊ नये, म्हणून हे बोललो.