वेल्डर ट्रेडला कोण येतं?



दहावीचा निकाल लागला की आयटीआयच्या आवारात पालकांची रीघ लागते. इलेक्ट्रिशियन आणि फिटर या ट्रेडची चौकशी आधी होते. पसंतीक्रम भरताना वेल्डर बहुतेक जण खाली टाकतात. त्यामुळे वेल्डरला येणारं पोर म्हणजे कुठेच नंबर न लागलेलं, असा समज रूढ झाला आहे. मी शिल्पनिदेशक म्हणून वेल्डिंगच्या शॉपमध्ये नोकरी केली. त्या अनुभवावरून सांगतो, हा समज खोटा आहे. या मुलांनी घरचा हिशेब मांडलेला असतो, आणि बहुतेकदा तो बरोबर असतो.

हिशेब असा. इलेक्ट्रिशियन किंवा फिटर व्हायला दोन वर्षं लागतात, वेल्डरचा अभ्यासक्रम एका वर्षाचा. दहावीत अडकलेल्या, पण आठवी पास असलेल्या मुलालाही इथे प्रवेश मिळतो. पुढे १९६१च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्याप्रमाणे शिकाऊ उमेदवारी, आणि त्या काळात विद्यावेतन. वडील ऊसतोडीला जातात, शेत कोरडवाहू आहे, धाकटी बहीण शाळेत आहे. अशा घरात एक वर्ष वाचणं ही मोठी गोष्ट असते. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा हे ओळखतो, यात त्याची समज दिसते.

सगळेच गरजेपोटी येतात असंही नाही. कुणाच्या वडिलांचं तालुक्याच्या गावी फॅब्रिकेशनचं दुकान असतं. ट्रॉली, ग्रिल, शेडचे कैची-खांब ही कामं पोरगा लहानपणापासून बघत असतो. त्याला ती शास्त्रशुद्ध शिकायची असतात. कुणी वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून राबलेला असतो. हात बसलेला, पण प्रमाणपत्राशिवाय कंपनीच्या गेटच्या आत घेत नाहीत, म्हणून तो येतो. काहींची नजर माझगाव डॉक या जहाजबांधणी कारखान्यावर असते, कारण तिथल्या शिकाऊ भरतीत आठवी पास मुलांच्या गटातही वेल्डरच्या जागा निघतात. मुलीही येतात, संख्येने थोड्या. त्यांना आधी घरच्यांशी भांडावं लागतं, म्हणून त्यांचा निर्णय सगळ्यांत पक्का असतो.

आता शॉपमध्ये काय घडतं ते पाहू. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाचा रॉड प्लेटला चिकटतो. आर्क, म्हणजे विजेची ज्योत, पेटवून रॉड आणि प्लेटमधलं अंतर साधारण रॉडच्या जाडीएवढं, म्हणजे तीन मिलिमीटरच्या आसपास, राखायचं असतं. रॉड जळून आखूड होत जातो, तसा हात सावकाश खाली आणायचा आणि त्याच वेळी पुढेही सरकवायचा. काळ्या काचेआड वितळलेल्या धातूखेरीज काही दिसत नाही, म्हणून कान लावायचा. आर्क बरोबर लागला की कढईत भजी सोडल्यासारखा एकसारखा चरचर आवाज येतो. मग हातोडीने स्लॅग, म्हणजे वर साचलेली मळी, झाडायची आणि बीड, म्हणजे जोडावर बसलेला धातूचा पट्टा, सरळ, सारख्या रुंदीचं आलं आहे का ते पाहायचं. पहिलं चांगलं बीड आलेला मुलगा तो जॉब वर्गभर दाखवत फिरतो. गणितात सतत मार खाल्लेल्या मुलाला आपल्याला काहीतरी नीट येतं हे तिथे पहिल्यांदा कळतं. नाइलाजाने आलेलाही त्या दिवसापासून आवडीने शिकू लागतो.

या कौशल्याची उंची केवढी आहे, तेही सांगतो. पाइप ४५ अंशांत तिरका पक्का बसवलेला असतो, तो फिरवता येत नाही. वेल्डरने स्वतः वाकून, झुकून पूर्ण गोलाई जोडायची. याला सिक्स-जी म्हणतात. साखर कारखान्याचा हंगाम संपला की बॉयलरच्या नळ्यांची दुरुस्ती निघते. दाबाखालच्या त्या भागांचं वेल्डिंग रीतसर परीक्षा उत्तीर्ण झालेल्या वेल्डरनेच करावं लागतं. जोडात पोकळी राहिली तर जिवावर बेतू शकतं.

इतकं जोखमीचं काम शिकणाऱ्या या मुलांचं आपणही काही देणं लागतो. वेल्डिंगच्या धुरामुळे माणसाला कर्करोग होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली ठरवलं. तरीही धूर ओढून घेणारी सोय नसलेल्या शेडमध्ये पोरं काम करतात. योग्य काचेविना आर्क पाहिला की रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं आणि झोप येत नाही. शिकाऊ उमेदवाराला वर्षभर माल उचलायला आणि झाडलोटीला लावणारे कारखानेही मी पाहिले आहेत. ज्याने एका वर्षाचा हिशेब करून हा मार्ग धरला, त्याचं तेच वर्ष असं वाया घालवणं हा अन्याय आहे.

तुमच्या घरातलं, शेजारपाजारचं पोर वेल्डरला जातो म्हणालं तर नाक मुरडू नका. त्याच्याबरोबर आयटीआयमध्ये जा आणि तीन प्रश्न विचारा: रोज प्रत्येकाला सरावापुरते रॉड मिळतात का, धूर बाहेर काढायची सोय चालू आहे का, आणि इथली मुलं शिकाऊ उमेदवारीला कुठे जातात? पालक हे विचारू लागले की संस्थांना उत्तरं द्यावीच लागतील. मुलाने त्याचा हिशेब केला आहे; तो चुकू नये, ही जबाबदारी आपली.