शेळीची बुळकांडी आणि लेकराचा गोवर

मुदखेड, भोकर, कंधार भागात उस्मानाबादी शेळ्या पाळणाऱ्या बंधू-भगिनींनो, पीपीआर म्हणजे शेळ्यांची बुळकांडी तुम्ही पाहिली असेल. ताप, नाकाडोळ्यांतून घाण, तोंडात फोड, मग हगवण. या विषाणूचा जवळचा नातलग आहे लहान मुलांचा गोवर.

दोघेही पेशीत शिरताना तिच्या पृष्ठभागावरची तीच दोन प्रथिने धरतात: स्लॅम आणि नेक्टिन-४. अशा प्रथिनांना ग्राही म्हणतात. गोवराचा स्लॅम ग्राही २००० साली जपानी शास्त्रज्ञांनी शोधला, नेक्टिन-४ची भूमिका २०११मध्ये कळली.

ही प्रथिने जनुकांच्या सूचनेवरून बनतात. शरीराच्या जवळपास प्रत्येक पेशीत सगळी जनुके असतात, पण प्रत्येक ठिकाणी काहीच जागी होतात. स्लॅमचे जनुक प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींत जागे असते, म्हणून विषाणू आधी शरीराच्या राखणदारांनाच गाठतो. नेक्टिन-४ श्वासनलिका, आतडी यांच्या अस्तरात असते. म्हणूनच पुढे खोकला आणि हगवण.

एक नक्की सांगते, शेळीची बुळकांडी माणसाला होत नाही. तीन महिन्यांपुढच्या करडांना मात्र लस टोचून घ्याच. गुरांची बुळकांडी लसीच्या बळावरच २०११मध्ये जगातून हद्दपार झाली.